किनांतीची बुरशी

सहा वर्षं वेनिंगने जावाभरची माती उकरली. ज्वालामुखी म्हणू नका, वटवाघळांच्या गुहा म्हणू नका. औषधांना न जुमानणारे जंतू मारील अशी बुरशी कुठेतरी सापडेल म्हणून. हाती काय लागलं? भोपळा! आणि ही काल आलेली किनांती, गावच्या गोठ्यातला चिखल चपलेला लावून योग्याकर्ताच्या प्रयोगशाळेत शिरते काय, आणि त्याच चिखलातली बुरशी जंतूंचा फडशा पाडते काय! ज्याला त्याला आता किनांती हवी. वेनिंगच्या पोटात नुसतं दुखत होतं.

एकच परीक्षा उरली होती. हे औषध माणसाच्या रक्तपेशी तर फोडत नाही? फोडल्या, तर औषध गेलं कचऱ्यात. आणि परीक्षा वेनिंगकडे. 'फुटू दे गं बाई, फुटू दे,' असं पुटपुटतच तिने नळ्या भरल्या.

यंत्रातून नळ्या काढल्या, तर पाणी लालभडक! पेशी फुटल्या!

"बू, गेलं हो तिचं औषध," ती प्रमुख बाईंना, बू सुमियातींना म्हणाली. आवाजात दुःख आणता आणता बिचारीची पुरेवाट झाली.

किनांतीचा चेहरा उतरला. "म्बाक," ती म्हणाली. थोरल्या बहिणीला म्हणावं तसं ती वेनिंगला म्हणे, आणि त्यानेही वेनिंगचं डोकं फिरे. "तुम्ही केलंय म्हणजे बरोबरच असणार. टाकून देते सगळं."

बरोबरच! वेनिंगने ऐटीत नळ्या आवरायला घेतल्या, आणि पाहते तर काय! औषध न घातलेली नळीसुद्धा लाल होती. मिठाच्या पाण्याऐवजी तिने साधं पाणी ओतलं होतं, आणि साध्या पाण्याने पेशी फुगून फुटतात हे ती स्वतःच पोरांना शिकवायची.

'गप्प बस, कोणाला कळतंय?' तिने स्वतःला बजावलं. पण किनांती बुरशीच्या बश्या उचलून निघालीसुद्धा. सहा वर्षं जे शोधलं ते त्या बशीत होतं, मग भले दुसरीच्या चपलेचं असो.

"थांब गं भवाने!" वेनिंग ओरडली. "तुझं औषध नाही, माझं पाणी चुकलंय!"

परीक्षा पुन्हा केली. पाणी नितळ. किनांतीने तिला कडकडून मिठी मारली, पण मिठीतसुद्धा वेनिंगचा जळफळाट काही थांबेना.

बू सुमियाती मात्र भारावून गेल्या. "अशी सच्ची माणसं हवीत," त्या म्हणाल्या. "वेनिंग, तुझं काम राहू दे आता. उद्यापासून तू किनांतीच्या हाताखाली."