माझे ‘नाही’ म्हणणारे टोक

मित्रांनो, मी एक जुना गेज आहे. नाव ऐकून तोंड वाकडे करू नका. वीतभर लांबीचा पोलादी दांडा, दोन्ही टोके गोल, एवढेच माझे रूप. भोसरीच्या एका कारखान्यात पंपाच्या भागांना भोके पाडत आणि भोक नीट पडले की नाही हे मी सांगे. माझे लांब टोक भोकात सहज शिरायला हवे. लाल पट्ट्याचे आखूड टोक मात्र शिरता कामा नये. शिरले, तर भोक मोठे झाले आणि माल बाद. म्हणजे एका टोकाने मी ‘हो’ म्हणतो, दुसऱ्याने ‘नाही’. इतका सरळ स्वभाव माणसांत कमीच, असे मला आपले वाटते.

तिथले तपासनीस बापूराव खडकीहून सायकलने येत. अकरा वर्षे त्यांनी मला वापरले, रोज तेलाच्या फडक्याने पुसून डबीत ठेवले. सगळे माझे कौतुक करत. पण हजारो भोकांत शिरून शिरून माझे लांब टोक झिजले आणि नको तितक्या अरुंद भोकातही जाऊ लागले. बाद मालाला मी ‘हो’ म्हणू लागलो! लाल टोक अजून जसेच्या तसे होते, पण अर्ध्या गेजला कोण ठेवणार? मला कामावरून काढले. त्याच महिन्यात बापूराव निवृत्त झाले आणि साहेबांना विचारून मला घरी घेऊन गेले. शोकेसमध्ये, बुद्धाच्या छोट्या मूर्तीशेजारी मला जागा मिळाली. मान मोठा होता, पण काम नव्हते, आणि मला फार वाईट वाटे.

१९९९ साली बापूरावांची मुलगी शर्मिला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. सहा महिने उमेदवारीचे होते. लहान मुलांच्या दवाखान्यासाठी ती प्रोग्राम लिहीत होती: मुलाचे वजन भरले की औषध किती द्यायचे ते सांगणारा. तो चुका निघून दोनदा परत आला होता. तिसऱ्यांदा आला तर घरी बसा, असे तिला स्पष्ट सांगितले होते.

रविवारी ती कागदांची चळत घेऊन बसली. बापूराव म्हणाले, “मला वाचून दाखव.”

“बाबा, तुम्हाला नाही कळायचं.”

“नसू दे. एकेक ओळ सांग.”

तिने सांगायला सुरुवात केली. बापूराव नुसते हुंकार देत होते, आणि समजावता समजावता दोन चुका तिच्या तिलाच सापडल्या. ती खुलली. “आता बघा, पंधरा किलो, अठरा किलो, बावीस किलो. वीस वेळा तपासलं. सगळं बरोबर येतं.”

बापूरावांनी मला उचलून लाल पट्टा तिच्यापुढे धरला. “तू तपासलीस ती झाली लांब बाजू. या लाल बाजूचं काय? चुकीचं वजन भरून पाहिलंस?”

“मुद्दाम चुकीचं कोण भरेल?”

“मुद्दाम कोण चुकतं गं, शमू?”

सोमवारी तिने मला पर्समधून ऑफिसात नेले. अठराच्या जागी एकशे ऐंशी भरले. प्रोग्रामने हूं की चूं न करता दहापट औषध सांगितले! तो पाठवायला दोनच तास उरले होते. गप्प बसली असती, तर त्या दिवशी कुणाला कळलेही नसते. ती मला मुठीत घट्ट धरून तिचे वरिष्ठ असलेल्या दत्तप्रसाद साहेबांसमोर उभी राहिली आणि घडले ते सांगितले.

“अहो शर्मिलाबाई,” साहेब म्हणाले, “एकशे ऐंशी किलोचं बाळ असतं, तर पेपरात फोटो आला असता.”

“बाळ अठराचंच आहे, सर. शून्य एक जास्त पडलंय. औषध मात्र एकशे ऐंशीचं जाईल.”

साहेबांनी चष्मा काढला. मग म्हणाले, “आज पाठवायचं नाही. बसा, दुरुस्त करा.”

तिची नोकरी टिकली. पुढे किती वर्षे मी तिच्या टेबलावर दिमाखात राहिलो! नवा कुणी आला की ती मला त्याच्या हातात देई आणि दोन्ही टोके समजावून सांगे. पुढे ती मोठी अधिकारी झाली, ऑफिस हिंजवडीला गेले आणि मी ड्रॉवरमध्ये गेलो. बापूरावही गेले. तिच्या कामाला आता सगळेच ‘छान’ म्हणत. मला आतून ऐकू येई आणि धास्ती वाटे.

एके दिवशी नम्रता नावाची नवी मुलगी चाचरत म्हणाली, “मॅडम, तुमच्या कोडमध्ये इथं काहीतरी चुकतंय, आय थिंक.”

“पंधरा वर्षं हेच करतेय मी,” शर्मिला म्हणाली. पोरगी बिचारी परत फिरली.

शर्मिलाने पेनासाठी ड्रॉवर उघडला. हाताला मी लागलो. तिचे बोट माझ्या झिजलेल्या टोकावरून फिरले आणि तिथेच थांबले.

“नम्रता, ये इकडे. दाखव कुठं ते.”

चूक खरीच होती. ती दुरुस्त झाल्यावर शर्मिलाने मला ओढणीने स्वच्छ पुसले आणि नम्रताच्या टेबलावर ठेवले.

मित्रांनो, मला थोडे तेल लावत जा, मला गंज लवकर चढतो. आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याला ड्रॉवरमध्ये टाकू नका. माझ्यापुरते म्हणाल तर मी आता सुखात आहे. मला ठेवताना शर्मिला नम्रताला म्हणाली होती, “लाल बाजू माझ्या केबिनकडे राहू दे.”