चूलबंद मतदान

मुलांनो, थोडा वेळ असं समजा की साल एकोणीसशे अठ्ठावन्न आहे आणि तुम्ही अकोल्याच्या एका शाळेत चौथीत शिकता. शाळा अकराला भरते. आता समजा, कोणी म्हणालं की यापुढे ती सकाळी सातला भरेल. तुमच्यापैकी काही जण नुसतं तोंड वाकडं करतील. तुमच्या वर्गातल्या वच्छलाला मात्र शाळाच सोडावी लागली असती.

तिची आई पार्बताबाई मळ्यातली वांगी आणि मेथी बाजारात विकायची. सकाळी भाजीचा लिलाव चाले. दहापर्यंत वच्छला आईजवळ बसून टोपल्या सांभाळी, मग शाळेत येई.

सकाळच्या शाळेची कल्पना शाळा समितीचे चिटणीस नारायणराव वकील यांची. माणूस वाईट नव्हता. दुपारी मुलं पेंगतात, असं त्यांचं म्हणणं. कोर्टात ते स्वतःही पेंगत, त्यामुळे त्यांना अनुभव होता. निर्णय पालकांच्या मतांनी व्हायचा होता. ज्याला मत द्यायचं असेल त्याने सकाळी आठ ते दहा या वेळात शाळेत येऊन नाव नोंदवावं, अशी सूचना लागली. वैद्य आले, भटजी आले, वकील आले. भाजीवाल्यांपैकी कोणीच आलं नाही. लिलाव सोडून कोण येणार?

"निम्मी शाळा कुठे गेली?" हेडमास्तर बापूसाहेबांनी विचारलं.

"ज्यांना हौस नाही, त्यांना काय ओढून आणायचं?" वकील म्हणाले.

बापूसाहेबांना एखादा प्रश्न सुटला नाही की ते तो चौथीच्या वर्गात नेत. हाही नेला. वच्छला उभी राहिली.

"गुरुजी, लग्नात असं केलं तं मांडव रिकामा राहीन. आमच्याकडं चूलबंद आवतन देतात. पुऱ्या घराले. सारेच धरलेले. ज्याले नाही यायचं, थो सांगून जाते."

चूलबंद आवतण म्हणजे त्या दिवशी घरी चूल पेटवायचीच नाही. लहानथोर सगळे यजमानाकडे जेवायला.

बापूसाहेबांनी या गोष्टीचा चांगला अभ्यास केला. अमरावतीला जाऊन निवडणुकीच्या कामातल्या एका मित्रालाही विचारलं. तो म्हणाला, सरकार तरी दुसरं काय करतं? घरोघरी जाऊन नावं लिहितं, ज्याची हरकत असेल तो सांगतो. परत आल्यावर त्यांनी हे समितीपुढे मांडलं.

"ज्यांना मत द्यायचं नाही, त्यांनी काय करायचं?" वकिलांनी विचारलं.

"सांगायचं."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर ते यादीत आहेत."

वकिलांनी बराच विचार केला, पण विरोधात कलम सापडलं नाही. हजेरीपटावरून प्रत्येक घरचं एक नाव उतरवलं गेलं. मतदान रविवारी दुपारी ठरलं. बाजारात निरोप द्यायचं काम वच्छलाकडे आलं. कोणाचा गोंधळ होऊ नये म्हणून तिने थोडक्यात सांगितलं, "रविवारी शाळेत चूलबंद हाये."

शनिवारी म्हातारा सहदेव माळी शाळेत आला. त्याचा नातू दुसरीत होता. "मास्तर, मी मूर्तिजापूरले पोरीकडं जाऊन रायलो. माहं एक पान कमी धरा."

बापूसाहेबांनी समाधानाने त्याचं नाव खोडलं. पान म्हणजे मतपत्रिका, असं ते समजले.

रविवारी भाजीवाले आले ते आज्या, सुना, तान्ही मुलं यांच्यासकट. प्रत्येकाच्या हातात तांब्या. सगळे अंगणात ओळीने बसले. टेबलाशी उभे राहून वकील शिस्तीवर बोलू लागले.

बऱ्याच वेळाने पार्बताबाईने विचारलं, "साहेब, भाषन झाल्यावर वाढनार काय?"

"काय वाढणार?"

"जेवन."

"बाई, इथे मतदान आहे."

"मंग चूलबंद काहून सांगितलं? सकाळपासून पोरं उपाशी हायेत."

सगळ्यांनी वच्छलाकडे पाहिलं. कोणीतरी तांब्या उचलला. "चला, घरी जाऊन चूल पेटवू." बायका उठू लागल्या. एकदा घरी गेलेलं माणूस मत द्यायला परत येत नाही, हे वच्छलाला ठाऊक होतं. ही माणसं गेली की तिची शाळाही गेली.

रिकाम्या हाती कसं जायचं म्हणून पार्बताबाईने टोपलीभर वांगी आणली होती. वच्छलाने ती टोपली उचलली आणि वकिलांच्या टेबलावर, भाषणाच्या कागदांवर, पालथी केली.

"वांगी आमची. पीठ कोनाचं?"

आधी बापूसाहेब हसले, मग सगळं अंगण. वकिलांचं घर समोरच होतं. थोड्या वेळाने त्यांच्या पत्नी रमाबाई स्वतः पीठ आणि तूप घेऊन आल्या. शाळेमागे गोवऱ्या पेटल्या आणि निखाऱ्यात कणकेचे जाडजूड रोडगे पडले. रोडगे सावकाश भाजतात, आणि निखाऱ्यात रोडगा टाकून घरी जाणारा माणूस वऱ्हाडात नाही. बापूसाहेबांनी मतपेटी तिथेच नेऊन ठेवली. भाजी शिजेपर्यंत सगळ्यांची मतं पडली.

पंगत बसली असताना वकिलांनी निकाल वाचला. शाळा अकराचीच राहिली.

वच्छलाने ते ऐकलं, रोडगा मधोमध फोडला आणि तुपासाठी रमाबाईंपुढे धरला.