न पाहता मारलेली फुली

"म्हणजे बुधवारी आठ वाजता हीच लावायची ना?" सुएनोताईनं चष्मा कपाळावर सरकवला आणि पेपरावर बोट ठेवलं.

बोटाखाली तिच्या धाकट्या भावानं, मिनोरू कुसाकानं, बनवलेला तक्ता होता. एप्रिलपासून टीव्हीवर सुरू झालेल्या नऊ नव्या विनोदी मालिका, आणि प्रत्येकीपुढे एक खूण. दुहेरी गोल म्हणजे चुकवू नये अशी. साधा गोल म्हणजे बरी. त्रिकोण म्हणजे हाताशी वेळ असेल तर. आणि फुली म्हणजे तेवढ्या वेळात भांडी घासून घ्यावीत.

"हीच," मिनोरू म्हणाला. "'सव्विसावा मजला'. तोक्योतल्या एका ऑफिसातली गंमत आहे."

"आणि ही फुलीवाली? तीपण बुधवारी आठलाच आहे."

"ती सोड गं ताई. चार म्हाताऱ्या आणि एक माशाच्या वड्यांचं दुकान. जुनाट प्रकार आहे."

"माशाच्या वड्यांचं?" ताईचं बोट 'तळणीवरच्या चौघी' या नावावर जरा रेंगाळलं. मग तिनं ते उचललं. "तू फुली मारलीस म्हणजे काहीतरी बघूनच मारली असशील."

मिनोरूनं खिडकीबाहेर पाहिलं. खाली उवाजिमाचं बंदर होतं, मोत्यांच्या शेतीचे तराफे होते, आणि बोटीच्या धक्क्याजवळ ताईची बंद असलेली टपरी होती. त्या टपरीत ताईनं चोपन्न वर्षं लहान मासळी काट्यांसकट वाटून जाकोतेनच्या वड्या तळल्या होत्या. वडील गेले तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. तिनं शाळा सोडली, कढईसमोर उभी राहिली आणि मिनोरूला मात्सुयामाच्या कॉलेजात पाठवलं. लग्नाचं कुणी विचारलं की म्हणायची, तेल तापलंय, नंतर बघू. ते नंतर कधी आलंच नाही. आता यकृताच्या दुखण्यानं तिला दवाखान्याच्या चौथ्या मजल्यावरच्या चार खाटांच्या खोलीत आणून ठेवलं होतं, आणि इथून घरी जायचं नाही हे तिला न सांगताच कळलेलं होतं.

प्रत्येक खाटेशी एक छोटा टीव्ही होता. तो कार्ड घातल्याशिवाय चालायचा नाही. बाहेरच्या यंत्रातून कार्ड घ्यायचं, त्यात हजार मिनिटं. टीव्ही लावला की कोपऱ्यातला आकडा एकेकानं उतरायला लागे. जन्मभर तेलाचा थेंबही वाया न घालवलेल्या बाईला तो आकडा बघवत नसे. हवामान सांगून झालं की ती बटण दाबून मोकळी होई. नव्या मालिकांपैकी आठवड्याला एकच बघायची, असं तिनं ठरवलं होतं, आणि ती कोणती हे ठरवायला घरचाच जाणकार होता.

जाणकाराची गोष्ट अशी होती. गावच्या आठ पानी दैनिकात मिनोरू बावीस वर्षं होता. भरती-ओहोटीच्या वेळा, निधनवार्ता, हरवलेली मांजरं आणि टीव्हीचं पान, सगळं त्याच्याकडे. वर्षातून चार वेळा नव्या मालिका सुरू होत आणि चार वेळा त्याचा तक्ता छापून येई. न्हाव्याच्या दुकानात तो भिंतीला चिकटवलेला असे. भाजीवाली त्याला थांबवून विचारी, की त्रिकोण जरा जास्तच कडक झाला का? या गोष्टी ऐकून मिनोरूची कॉलर ताठ होई, हे त्यानं कुणाला सांगितलं नसलं तरी सगळ्यांना दिसत असे.

या वेळी चॅनेलांकडून पहिला भाग आधी बघता यावा म्हणून आलेल्या नऊ तबकड्यांपैकी आठ त्यानं पाहिल्या. नववी लावली त्या संध्याकाळी कचेरीतल्या निरोप समारंभात तो चार प्याले साके पिऊन आला होता. नावं पडद्यावर येईपर्यंत त्याचे डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी दुपारी तक्ता द्यायचा होता, आणि त्यात एकही फुली नव्हती. फुली नसलेला तक्ता म्हणजे मीठ नसलेली आमटी, असं संपादक ओताके दर वेळी म्हणायचा. मिनोरूनं चॅनेलनं पाठवलेला माहितीचा कागद वाचला, चार म्हाताऱ्या पाहिल्या, फुली मारली आणि शेजारी लिहिलं, "शिळ्या तेलाचा वास येतो." हे वाक्य सुचलं तेव्हा तो स्वतःवर फार खूश झाला होता.

आता ते वाक्य ताईच्या मांडीवर पडलेलं होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. ताई, ही मी पाहिली नाही, तूच बघून मला सांग. एवढं एक वाक्य. पण चोपन्न वर्षं कढईसमोर उभी राहून जिनं आपल्याला शिकवलं, तिला आपण काम न करताच मत दिलं हे सांगणं त्याच्या जिवावर आलं. तो संत्र्याची फोड सोलून तिच्या हातात देत राहिला.

तीनेक आठवड्यांनी ताईनं हळू आवाजात शेजारच्या खाटेची बातमी दिली. पडद्यापलीकडे इसेकीबाई होत्या. मासेमारी सोसायटीत हिशेब लिहून निवृत्त झालेल्या, कंबरेचं हाड मोडून आलेल्या. खोलीत सगळ्यांनी कानात इअरफोन घालूनच टीव्ही बघायचा असा नियम होता, त्यामुळे आवाज येत नसे. पण बुधवारी आठ वाजले की इसेकीबाईंचा पडदा हलायला लागे.

"ती फुलीवाली बघते रे बिचारी," ताई म्हणाली. "आणि कशी हसते. उशी तोंडात धरून हसते. कुणी सांगणारं नाही ना तिला."

मिनोरूनं संत्र्याच्या साली गोळा केल्या. "ज्याची त्याची आवड," तो म्हणाला.

मेच्या मध्यावर ताईचा चेहरा चांगलाच उतरला. त्या बुधवारी तिनं त्याला खाटेच्या कडेला बसवलं आणि पडदा नीट ओढून घ्यायला सांगितलं. काहीतरी निरवानिरवीचं बोलणार असं वाटून तो घाबरला.

"मिनोरू, खरं सांगू? मला हसू येत नाही रे."

"म्हणजे?"

"ती सव्विसाव्या मजल्याची. पाच भाग झाले. सगळे भराभरा बोलतात, मागनं लोक हसतात, आणि मी नुसती बघत राहते. तू दुहेरी गोल दिलायस, म्हणजे गंमत तर असणारच. मला कळत नाही म्हणजे हे दुखणं डोक्यात चढलंय." तिनं कपाळावर बोट टेकवलं. "डॉक्टरांना सांगितलं नाही मी. नर्स आली की ते मागचे लोक हसतात तेव्हा मीपण थोडी हसते. लिहून ठेवायला नको त्यांनी."

मिनोरूला तिच्याकडे बघवेना. ताई हसायचं सोंग करत होती, आणि तेही त्याच्या एका गोलापायी. त्या गोलाचंही फारसं खरं नव्हतं. मोठ्या शहरातले पेपर वाखाणणार हे दिसत होतं, म्हणून त्यानं आधीच वाखाणून घेतलं होतं. स्वतः तो एकदाही हसला नव्हता.

"तसं काही नसतं गं," तो कसाबसा म्हणाला. "पुढच्या भागात रंगेल."

घरी जाऊन त्यानं बूट काढायच्या आधी ती नववी तबकडी शोधून लावली. दुकान तर थेट त्यांच्या धक्क्यावरच्या टपरीसारखं. कुणी वडी परत आणली की त्यातली थोरली म्हातारी स्वतः ती खाऊन दाखवायची आणि म्हणायची, वडीला काही झालेलं नाही, तुमच्या दातांचं बघा. हे ताईनं हजार वेळा केलेलं होतं. बोली तीच, ठसका तोच, झारा कढईवर आपटून बोलणं संपवायची पद्धतही तीच. मिनोरू खदाखदा हसला, मग हसता हसता रडायला लागला. त्याला स्वतःची अशी शरम कधी वाटली नव्हती.

पुढच्या बुधवारी तो पळतच दवाखान्यात गेला. रस्ताभर त्यानं वाक्यं जुळवली होती. पण ताईनं उशीवरून मान वळवून पाहिलं आणि त्याच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"ताई, आजपासून ती दुसरी बघ. वड्यांची. तिच्यापुढे फुली चुकून पडली. छापताना गडबड झाली."

"छापताना?"

"हो. खूण बदलली गेली."

ताईनं चष्मा डोळ्यांवर घेऊन त्याच्याकडे पाहिलं. हातपाय काटक्यांसारखे झाले होते, पण नजर टपरीतलीच होती, नाणं खोटं की खरं हे न वाजवता ओळखणारी.

"आणि तो शिळ्या तेलाचा वास? तोपण छापताना आला?"

मिनोरूनं मान खाली घातली.

"बरं," ताई म्हणाली. "मग दुरुस्ती छाप. पेपरात आली की मग वड्यांची बघेन. गाव तुझ्यावर विश्वास ठेवतं, मिनोरू. मला एकटीला कानात सांगून कसं चालेल?"

दुसऱ्या दिवशी मिनोरू ओताकेकडे गेला. ओताके त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान आणि तितकाच व्यवहारी. मताची दुरुस्ती कधी छापतात का, असं त्यानंच उलट विचारलं. नाव चुकलं, तारीख चुकली तर छापू. मत बदललं तर पुढच्या तक्त्यात बदला. मिनोरूनं, मत बदललं नाही, मत नव्हतंच, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या आठवड्यात तो लिहायला बसला आणि उठला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. न्हाव्याची भिंत डोळ्यांपुढे येई. ताईला भेटायला जाई तेव्हा ती विचारत नसे, आणि तिचं ते न विचारणं त्याला जास्त लागे. बुधवारी आठला भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली की तो उठे, ती निरोपाचा हात हलवी, आणि बंद टीव्हीकडे पाठ करून तो निघून जाई.

तिसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी, त्यानं सात ओळी लिहिल्या. "एप्रिलच्या तक्त्यात मी 'तळणीवरच्या चौघी'पुढे फुली मारली होती. ती मालिका मी पाहिली नव्हती. वासाबद्दल जे लिहिलं तेही न पाहताच लिहिलं. आता पाहिली आहे. दुहेरी गोल. ज्यांनी माझ्यावर भरवसा ठेवून ती सोडली, त्यांची हात जोडून क्षमा मागतो." खाली पूर्ण नाव घातलं. ओताकेनं दोनदा वाचलं आणि मंगळवारच्या पानात जागा केली.

शनिवारी पहाटे ताई गेली.

मंगळवारी पेपर आला तेव्हा घरात अजून उदबत्तीचा वास होता. मिनोरूनं त्या सात ओळी कापून तिच्या फोटोपुढे ठेवल्या. जिच्यासाठी लिहिल्या तिनं त्या वाचल्या नाहीत, हे काही केल्या मनातून जाईना.

बुधवारी संध्याकाळी तो परिचारिकांचे आभार मानायला दवाखान्यात गेला. मिठाईचा डबा त्यांनी नियमावर बोट ठेवून नम्रपणे परत केला आणि ताईच्या कपाटात राहिलेली एक छोटी पिशवी दिली. पिशवीत कंगवा, चष्मा आणि टीव्हीचं कार्ड होतं. तो निघणार तेवढ्यात पडद्यापलीकडून हाक आली.

"कुसाकासान, जरा इकडे या." इसेकीबाई उशीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर कालचा पेपर होता. "लिहिलंत अखेर."

"उशीर झाला," मिनोरू म्हणाला. "तिला वाचायला मिळालं नाही."

"तिला वाचायची काय गरज? तिला तुमच्या चेहऱ्यावरूनच कळलं होतं." बाईंनी पेपराची घडी घातली. "तुम्ही ते छपाईतल्या चुकीचं सांगून गेलात ना, त्याच संध्याकाळी तिनं मधला पडदा सरकवला. म्हणाली, इसेकीसान, दाखवा बघू तुमची फुली. तीन आठवडे बघितली आम्ही. एक कान तिचा, एक माझा."

मिनोरू खुर्ची ओढून बसला. "हसली का ती?" त्यानं विचारलं.

"हसली? दाताची कवळी पडली तिची, पांघरुणात शोधत बसलो दोघी. वर मला दम, की मिनोरूला कळू द्यायचं नाही. म्हणाली, मी बघितली असं कळलं तर तो लिहायचा नाही. त्याला लिहू दे."

मिनोरूनं पिशवीतलं कार्ड बाहेर काढलं. बाईंनी हात पुढे केला, ते घेतलं आणि आपल्या टीव्हीच्या फटीत सरकवलं. कोपऱ्यात आकडा उजळला. हजार. नवं कोरं कार्ड होतं. "शेवटच्या बुधवारी नर्सकडून आणवलं तिनं, पुढच्या भागांसाठी," बाई म्हणाल्या.

आठची घंटा झाली. भेटीची वेळ संपली होती. दारातून नर्स डोकावली, तिनं खुर्चीतल्या मिनोरूकडे पाहिलं आणि पडदा ओढून घेतला. इसेकीबाईंनी इअरफोनची एक वायर स्वतःच्या कानात घातली आणि दुसरी त्याच्यासमोर धरली. तिच्या टोकाला कापसाचा बोळा बांधलेला होता.

"तिला टोचायचं," बाई म्हणाल्या. "तिनंच बांधलाय. तसाच घाला."

मिनोरूनं ती तशीच कानात घातली. पडद्यावर कढई तापत होती, आणि हजाराचे नऊशे नव्याण्णव झाले.