हाशिमच्या आईचा आवाज

उन्हाळ्यात अख्खं बगदाद गच्चीवर झोपायचं. आमच्या आणि हाशिमच्या आईच्या गच्चीमध्ये एकच कठडा होता, आणि त्या कठड्यावरून ती आणि माझी आई रोज भांडायच्या. कबुतरं, वाळत घातलेली भेंडी, माठाचं पाणी, कारण कुठलंही चालायचं. ते मुसलमान, आम्ही यहुदी. बोलायचो सगळे अरबीच, पण काळजाला आम्ही घशातून 'कल्ब' म्हणायचो आणि ते 'गलुब'. लाडाची हाक आमची 'कल्बी', त्यांची 'गल्बी'. तोंड उघडलं की माणूस कुणाचा ते कळायचं.

भांडून झालं की आई खाली येऊन हाशिमच्या आईची नक्कल करायची. नाक वर, हात कमरेवर, आवाज नाकातून. आम्ही हसून लोळायचो.

"मसूदा, हळू. ऐकेल ती," बाबा म्हणायचे.

"ऐकू दे की!"

कुणी काहीही म्हणो, मला ते दिवस अजून गोड वाटतात.

मग सरकार पडलं. ऐन आमच्या सणात, ताटात साय आणि खजुराचा पाक असताना, यहुद्यांची घरं फोडायला टोळ्या निघाल्या. बाबांनी चौकटीवरची प्रार्थनेची डबी उपटून खिशात टाकली. आम्हा भावंडांना, शाऊलला, नाझलीला आणि मला, पलंगाखाली सारलं. थोड्याच वेळात दारावर दांडके बसू लागले.

"यहुद्यांचं घर ना हे?"

बाबा काही बोलणार तोच आईने त्यांचं तोंड दाबलं. नाक वर केलं, हात कमरेवर ठेवला.

"कोण रे मेला दार बडवतोय? गलुबात धडकी भरवलीत! मी हाशिमची आई. यहुदी कधीच पळाले!"

बाहेर दांडके थांबले. मग एकजण म्हणाला, "हाशिमची आई तर पलीकडच्या घरात राहते. मी ओळखतो तिला."

तेवढ्यात वरून खऱ्या हाशिमच्या आईचा आवाज आला.

"अरे मुडद्या, ती माझी बहीण! यहुदी पळाले म्हणून मीच बसवलीय तिला तिथे. भ्यायली, म्हणून माझं नाव सांगतेय. चालते व्हा, नाहीतर हाशिमला हाक मारते!"

ते गेले. पुढच्या गल्लीत गेले. नईम शिंप्याचं घर वाचलं नाही. त्याच्या बायकोच्या किंकाळ्या अजून माझ्या कानात आहेत.

हाशिमची आई कठडा ओलांडून खाली आली. "मी अशी नाकात बोलते होय गं?"

आईने तोंड ओंजळीत लपवलं.

"उद्या ये कठड्यावर, मग बघते तुला!"

दहाएक वर्षांनी आम्हाला देश सोडावा लागला. निघताना आई कठड्यापाशी बराच वेळ उभी राहिली. पलीकडे कुणी फिरकलं नाही.

"रुसली वाटतं," आई म्हणाली.

गल्लीत उतरून बाबांनी दाराला कुलूप लावलं, आणि वरून आईचाच आवाज आला.

"शाऊल, तोंड धुतलंस का? नाझली, माठ कोण झाकणार? सगळं मीच बघायचं का या घरात?"

आम्ही आईकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते. गच्चीवर हाशिमची आई उभी होती, हात कमरेवर, गाल ओले. म्हणजे इतकी वर्षं तीही घरी जाऊन हेच करत होती!

आईला हसू आवरेना. "मी अशी किंचाळते होय गं?" ती खालून ओरडली.

"याहून वाईट!" हाशिमची आई म्हणाली. आणि मग घशातून, आमच्यासारखं, "जा गं, कल्बी."