पेटी कापली, तेव्हा मी मावलो

मी रेडिएटर बोलतोय. मोटारीतला नव्हे, तो आमच्या घराण्यातला थोरला. मी कॉम्प्युटरमधला. अंगाने लांबुळका, काळा, पातळ पात्यांनी भरलेला. माझ्यातून दोन नळ्या निघतात आणि एका छोट्या पंपाला जाऊन मिळतात. हा पंप कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर बसतो. तिथे तापलेलं पाणी माझ्याकडे येतं, मी आणि माझे पंखे ते गार करून परत पाठवतो. आमच्या पोटातलं पाणी कारखान्यातच कायमचं बंद केलेलं असतं. त्यामुळे बसवायचं तर सगळ्यांना एकत्रच, नळ्या वेगळ्या करायची सोय नाही.

मी आलो तो एका ताईच्या घरी. अजून बांधल्याच नाहीत अशा इमारतींची चालती चित्रं ती बनवते. तिचा कॉम्प्युटर तापून मध्येच बंद पडायचा आणि केलेलं काम पाण्यात जायचं. शेवटी कॅबिनेटची, म्हणजे कॉम्प्युटरच्या पेटीची, एक बाजू उघडी टाकून तिने समोर टेबलफॅन लावला आणि स्वतः राखणीला बसू लागली. डोळे तारवटलेले, चहा गार झालेला.

तिने मला मोठ्या आशेने खोक्यातून काढलं. आधी कॅबिनेटच्या छताला आतून धरून पाहिलं, तर पंखे मेमरीच्या पट्ट्यांवर टेकले. मग पुढच्या बाजूला धरलं, तर खाली हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा आला. तो रिव्हेट मारून पक्का केलेला. तिरका धरला, उलटा धरला, माझं एक टोक बाहेर ते बाहेरच. तिने एक सुस्कारा सोडला आणि मला परत खोक्यात ठेवलं. दुकानात माझी परत पाठवणी ठरलीच म्हणायची.

नवं कॅबिनेट आणलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण हे कॅबिनेट तिच्या वडिलांनी बनवलं होतं. ते पत्र्याचे कारागीर, जन्मभर विजेच्या पॅनेलच्या पेट्या बनवत आलेले. लेकीला पहिलं काम मिळालं तेव्हा त्यांनी पत्रा कापून, वाकवून, रंगवून ही पेटी तिला दिली. पुढे आजारपणात त्यांचा उजवा हात लुळा पडला. ही त्यांच्या हातची शेवटची पेटी.

बाबांनी माझं भलंमोठं खोकं पाहिलं आणि त्यांचा वेगळाच समज झाला. ते गप्प गप्प राहू लागले. एकदा जेवताना, ताटाकडे बघतच त्यांनी विचारलं, "नवी पेटी आणलीस का?"

"नाही हो बाबा. रेडिएटर आहे तो. आपल्या पेटीत बसत नाहीये."

"का?"

"खालचा पिंजरा आड येतोय. आणि पुढची पत्र्याची पट्टीही थोडी."

"मग काप की."

तिने हातातला घास ताटात ठेवला. म्हणाली, "तुम्ही केलीय ती."

"तुझं काम चालावं म्हणून केली. शोकेसमध्ये ठेवायला नाही," बाबा म्हणाले आणि त्यांनी आमटी वाढून घेतली. खोक्याच्या फटीतून मला त्यांचा चेहरा नीट दिसला नाही, पण आवाज मोकळा झाला होता.

तिने पेटी पूर्ण रिकामी केली. बाबांनी डाव्या हाताने ती दाबून धरली. ड्रिलखाली रिव्हेट सुटले, पिंजरा निघाला. पट्टी कापताना पत्रा असा कर्कश ओरडला की ताईचेच डोळे मिटले. बाबांचे नाहीत. कापलेली कड त्यांनी डाव्या हाताने कानस मारून गुळगुळीत केली. फार हळू चाललं होतं, पण ताईने कानस मागितली नाही.

पंखे लावताना मात्र माझ्या जिवावर बेतलं होतं. एक स्क्रू पात्यांमध्ये खोल शिरू लागला. आतली पाण्याची वाट फुटली असती तर मी तिथेच संपलो असतो. ताईच्या हाताला तो जड लागला. तिने काढून शेजारच्या स्क्रूला लावून पाहिला, लांब होता. तिने तो बदलला आणि माझा जीव भांड्यात पडला.

मग सगळं परत पेटीत बसवून, गळती कळावी म्हणून नळ्यांखाली कोरडा कागद अंथरून तिने बटण दाबलं. माझ्या पोटात गुडगुडलं, हवेचे बुडबुडे वर सरकले आणि शांत झाले. कागद कोरडाच राहिला. तिने मुद्दाम सगळ्यात जड काम लावलं. पडद्यावर तापमानाचा आकडा चढत गेला, चढत गेला आणि बंद पडायच्या आकड्याच्या बराच खाली थबकला.

"थांबला?" बाबांनी विचारलं.

"थांबला," ती म्हणाली आणि एकाएकी तिला हसू आलं. बाबाही हसले.

आता मी पेटीच्या पुढच्या बाजूला ताठ उभा आहे. खाली कानस मारलेली कड आहे, वर बाबांनी दिलेला निळा रंग. भर दुपार आहे, इमारतीचं चित्र पूर्ण होत आलंय आणि राखणीला कुणीही बसलेलं नाही. ताई शेजारच्या खोलीत गाढ झोपली आहे. बाबांनी मघाशी तिच्या खिडकीचा पडदा ओढून घेतला.

माझं एवढंच मागणं आहे. अधूनमधून मऊ ब्रशने माझ्या पात्यांमधली धूळ काढत जा. पण आज नको. आज दार हळू लावा.