दोर बघितलास का?

मित्रांनो, मी दोर आहे. म्हणजे होतो. आता माझे दोन तुकडे झालेत आणि ते मुलुंडच्या एका चाळीत दाराजवळच्या खुंटीला लटकतात. कीव करू नका, नुसतं ऐका.

साकीनाक्याजवळच्या एका शेडमध्ये मला अंबाडीचे तीन पेड पिळून वळलं. विद्याधरने मला विकत घेतलं. तो कचेरीत कारकून, पण सुट्टी मिळाली की डोंगरात. काय तयारी असायची त्याची! आदल्या संध्याकाळी चटईवर सगळं मांडायचा. पाण्याची बाटली, विजेरी, मेणकापडात गुंडाळलेली काडेपेटी, आयोडीन, शिट्टी. मग मला मांडीवर घ्यायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत हातातून सरकवत पीळ उलगडून आत बघायचा. परत आलो की मला धुवायचा, सावलीत वाळवायचा. माझ्यावर कोणी पाय दिलेला त्याला खपत नसे. त्याची बायको कुंदा म्हणायची, माझं लुगडंसुद्धा कधी इतकं निरखून बघितलं नाहीत. मला फार बरं वाटायचं. अहो, माणसं पेलायचो मी!

शेजारचा नंदकिशोर त्याचा जिवाभावाचा दोस्त. प्रत्येक डोंगरात बरोबर असायचा, पण तयारीचा त्याला भारी कंटाळा.

छप्पन सालच्या गोकुळाष्टमीला चाळीची हंडी बांधायला दोर मिळेना. विद्याधर कचेरीत गेलेला. नंदकिशोर आला, संध्याकाळी आणून देतो म्हणाला आणि कुंदासमोर मला खुंटीवरून काढून घेऊन गेला. दिवसभर माझ्यावर दही सांडलं, दूध सांडलं, गॅलऱ्यांतून बादल्या ओतल्या. हंडी झकास फुटली. मग नंदकिशोरने मला तसाच ओला, आंबट गुंडाळून जिन्याखाली फेकलं. विद्याधरने दोनतीनदा विचारलं तेव्हा, नीट ठेवलाय माझ्याकडे, असं त्याने ठोकून दिलं. उरलेला पावसाळाभर उंदरांना दह्याचा वास पुरला. वेटोळ्याच्या आतल्या बाजूला माझे दोन पेड त्यांनी कुरतडून टाकले.

थंडीत माहुली गडाचा बेत ठरला. विद्याधरची कचेरी उशिरा सुटली, तो धावतपळत स्टेशनवर आला. मी नंदकिशोरच्या पिशवीत होतो. गाडीत विद्याधरने एकच विचारलं, "दोर बघितलास का?"

"बघितला रे. तू बस ना."

धादांत खोटं! मला जिन्याखालून उचललं, धूळ झटकली आणि पिशवीत कोंबलं, इतकंच त्याने केलं होतं. पण दोस्ताचा शब्द. विद्याधरने पुन्हा विचारलं नाही.

सकाळी कड्यावरून उतरायचं होतं. माझं एक टोक झाडाला बांधलं, दुसरं विद्याधरने कमरेला. तो कड्यावरून खाली गेला, मी ताणलो, ताणलो आणि कुरतडलेल्या जागी तुटलो. दोराला तोंड नसतं हो, नाहीतर मी स्टेशनवरच बोंब मारली असती. विद्याधर तिथेच गेला.

दिवसकार्याला माणसं जमली. दोरच कुजका निघाला, असं नंदकिशोर रडत प्रत्येकाला सांगत होता. ज्याने त्याने मला शिव्या घातल्या. कुंदाने माझा तुकडा उचलून नाकाशी धरला.

"याला दह्याचा वास येतोय, भावजी," एवढंच ती म्हणाली. तिने मला फेकू दिलं नाही. पुन्हा त्याच खुंटीला टांगलं.

पुढच्या गोकुळाष्टमीला नंदकिशोरने हंडीसाठी नवा दोर आणला. अंगणात बसून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत हातातून सरकवून बघत होता. एका मडक्यासाठी! कुंदा गॅलरीत उभी होती.

"आता बघताय?" तिने विचारलं. त्याने पुढचा हातभर दोर सरकवला.

मित्रांनो, डोंगरात जाताना सामान कमीजास्त न्या, ते तुमचं तुम्ही बघा. पण कोणी विचारलं तर खरं सांगा. त्या दिवशी नंदकिशोर नुसतं "नाही बघितला" म्हणाला असता, तर विद्याधरने गाडीतच मला मांडीवर घेतलं असतं.