माळावरच्या गोमेचं गोत

"सर, तुमच्या बाटल्यांतल्या गोमांचा डीएनए निघत न्हाय," वैदेही म्हणाली. तिच्यापुढचा चहा तसाच होता.

"परत लाव की," वसंतराव म्हणाले.

"लई बाऱ्या लावला. नुसता चुरा. फॉर्मॅलिननं खाल्लाय सगळा."

तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवण्यात वसंतरावांची उमर गेली. येरमाळ्याच्या माळावर दगडाखाली एक गोम सापडायची. ती आणि खालच्या काळ्या रानातली गोम, दिसायला जुळ्या बहिणी. पण वसंतराव म्हणायचे, रूप एक म्हणून गोत एक नसतं. माळावरचीचे भाऊबंद पार सह्याद्रीत असणार. लोक हसायचे, "मास्तर गोमेची सोयरीक जुळवतंय!" आता जनुकं ताडून खरंखोटं करता येत होतं. आणि ताडणारी त्यांचीच विद्यार्थिनी, बेंबळीची पोर, पुण्याच्या प्रयोगशाळेत होती.

"आधी स्पिरिटमधी होत्या ना, सर? त्यात डीएनए टिकला असता."

"होत्या की," आतून वसंतरावांच्या पत्नी शामलाबाई म्हणाल्या. "शिपाई प्याला न्हवं का ते! गोमा गाळून!"

वैदेहीला हसू फुटलं.

शिपाई स्पिरिट प्याला त्याच दिवशी वसंतरावांनी सगळ्या बाटल्यांत फॉर्मॅलिन भरलं होतं. त्या वासाला कोण तोंड लावणार? मग दर उन्हाळ्यात, आटलं की स्वतः भरत राहिले. गोमेचा एक पाय तुटू दिला नाही.

"नवी धरून आणू."

"हुडकलं, सर. माळ खडीसाठी फोडलाय. एकबी घावली न्हाय."

"म्हंजे ती कुणाची कोण, हे आता कळायचं न्हाय."

"न्हाय." मग वैदेही घाईनं म्हणाली, "पण पायावरच्या काट्यांवरनं मी शोधनिबंधात लिहिते की, सह्याद्रीतल्या गोमांची बहीण म्हणून. कोण खोडणार? कुणाकडंच पुरावा न्हाय."

शामलाबाई दारात आल्या. "लिहू द्या की हो. जलमभर तेच म्हणत आलाव."

'व्हय' वसंतरावांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"खोडायला कुणी न्हाय म्हणून सोयरीक लावायची? न्हाय बाई. नातं कळलं न्हाय, असं लिही. आणि फॉर्मॅलिन मी घातलं, तेबी लिही. माझ्या नावासकट."

"सर, ते कशाला?"

"कुणीतरी वाचंल. स्पिरिटच्या कपाटाला कुलूप लावंल."

मान खाली घालून ती लॅपटॉपवर टाइप करत राहिली.

"वाच आता."

तिनं वाचलं. आपलं नाव आलं तसे वसंतराव, हजेरीला उठावं तसे, खुर्चीतनं उठून उभे राहिले.